नवजात बालकाच्या पाठीच्या कण्याजवळील दुर्मिळ गाठी

(व्याख्यानाचा लेखी पाठ)



घरात बाळ जन्माला येते तेव्हा त्याचे मुखकमल पाहण्यासाठी सारे घर लोटते. नाक आजोबांवर गेले की कपाळ मामावर, याची चर्चा रंगते. बाळाची पाठ मात्र फारसे कोणी पाहत नाही. ती पाहते बाळाला न्हाऊ घालणारी आजी, मावशी किंवा तेल लावावयास येणारी बाई. पायांवर पालथे घेऊन पाठीवरून हात फिरविताना तिच्या बोटांना जे जाणवते, ते कधी कधी प्रसूतिगृहातील घाईच्या तपासणीत सुटून गेलेले असते. आजचा विषय वैद्यकशास्त्रातील अत्यंत दुर्मिळ विकारांपैकी एक आहे. परंतु त्याचा पहिला अध्याय बहुधा न्हाणीघरातच सुरू होतो.

स्नायू, मेद, तंतुमय पडदे, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंची वेष्टने या साऱ्यांना मिळून मृदू ऊती म्हणतात. त्यांपासून उत्पन्न होणारी गाठ नवजात बालकात क्वचितच आढळते आणि ती पाठीच्या कण्याला बाधणे तर त्याहूनही क्वचित. उदाहरणार्थ, शिशुवयातील तंतुमय गाठींमध्ये ‘मायोफायब्रोमॅटोसिस’ हा प्रकार सर्वांत अधिक आढळतो, असे मानतात. तरीही त्याचे प्रमाण सुमारे दीड लाख जन्मांत एक एवढेच सांगितले जाते. माकडहाडापाशी उद्भवणारी ‘टेराटोमा’ ही गाठ नवजात बालकांत त्यामानाने अधिक दिसते, ती ३५ ते ४० हजार जन्मांत एकदा. तथापि दुर्मिळ या शब्दाने फसू नये. भारतात दरवर्षी दोन कोटींहून अधिक बालके जन्मतात. ४० हजारांत एक हा दर लावला तरी एकट्या टेराटोमाची पाचशेहून अधिक बालके दरवर्षी या देशात जन्मतात, असा हिशेब निघतो. ज्या घरात असे बाळ येते त्या घराला या हिशेबाचा काहीच दिलासा नसतो.

कण्याची रचना थोडक्यात पाहिली की पुढचे सारे उमजते. एकावर एक रचलेल्या मणक्यांमधून एक पोकळ नळी जाते आणि तिच्यात मज्जारज्जू असतो. प्रौढ माणसात हा रज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. नवजात बालकात तो आणखी खाली, तिसऱ्या मणक्यापर्यंत पोहोचलेला असू शकतो. म्हणजे ज्या जागेवर गाठ आल्यास प्रौढाचा रज्जू वाचेल, त्याच जागी बालकाचा रज्जू दाबला जाऊ शकतो. प्रत्येक दोन मणक्यांमध्ये दोन्ही बाजूंस लहान खिडक्या असतात व त्यांतून मज्जातंतू बाहेर पडतात. पाठीच्या स्नायूंत किंवा पोटाच्या मागील भागात वाढणारी गाठ याच खिडकीतून आत शिरते. बाहेर फुगलेली, खिडकीत आवळलेली व आत पुन्हा फुगलेली अशी ती हुबेहूब डमरूसारखी दिसते. बाहेरून सुपारीएवढी भासणारी गाठ आत किती आहे, हे बोटांना कळत नाही. काही गाठी मणक्याच्या हाडातच वाढून त्याला पोखरतात व मणका चपटा होतो.

मोठ्या माणसाचे पाय लुळे पडू लागले तर तो अडखळतो आणि दवाखाना गाठतो. नवजात बाळाला चालावयाचेच नसते; म्हणून पायांतील शक्ती गेली तरी ते घराच्या लक्षात येत नाही. त्यातही एक फसवी गोष्ट आहे. तळव्याला गुदगुल्या केल्या की बाळ पाय आखडून घेते आणि सर्वांना हायसे वाटते. परंतु असे पाय आखडून घेणे ही मज्जारज्जूच्या खालच्या भागाची स्वतंत्र प्रतिक्रिया असते. वरच्या भागात रज्जू पूर्ण दाबला गेला असला, मेंदूचा निरोप पायापर्यंत पोहोचत नसला, तरीही ती होऊ शकते. खरी परीक्षा निराळी आहे. बाळ जागे असताना, कोणीही स्पर्श न करता, ते दोन्ही पाय आपसूक सारखेच झाडते काय ? हात भरपूर हलतात आणि पाय बेडकासारखे पसरून स्वस्थ पडून राहतात काय ? लघवी धारेने होते, की लंगोट सदा थेंबथेंब ओलाच असतो ? बेंबीखालचे पोट मूत्राशय भरल्यासारखे टणक लागते काय ? गुदद्वार सैल, उघडे दिसते काय ? उचलताना किंवा कूस बदलताना बाळ दर वेळी कळवळून रडते काय ? यांपैकी एकही गोष्ट दिसली तर बालरोगतज्ज्ञांना त्याच दिवशी दाखवावे. पाठीवर गाठ दिसत असो वा नसो.

याबरोबरच निष्कारण भीती बाळगू नये, हेही सांगणे अगत्याचे आहे. आपल्याकडील बहुतेक बाळांच्या कमरेवर निळसर-करडा डाग असतो. तो कातडीच्या रंगाचा भाग असून कालांतराने बहुधा फिका होतो. गुदद्वारालगत, दोन नितंबांच्या घडीत असलेली लहानशी खळीही बहुधा निरुपद्रवी असते. परंतु घडीच्या वर, मध्यरेषेवर असलेली खळी, केसांचा झुबका, मऊ मेदाचा उंचवटा किंवा लालजांभळा डाग यांची तपासणी व्हावयास हवी. तेथे गाठ नसली तरी रज्जू खाली जखडलेला असू शकतो.

आता थोडे नाजूक बोलावे लागते. आपल्या घरांतून बाळ-बाळंतिणीला सव्वा महिना उंबरठ्याबाहेर पाठवत नाहीत. विश्रांती आणि संसर्गापासून बचाव, या दृष्टीने ही रीत उपकारकच आहे. परंतु गाठ दिसली असताना “सव्वा महिना होऊ द्या, मग दाखवू” असे जेव्हा ठरते, तेव्हा ती रीत बाळाच्या मुळावर येते. दाबल्या गेलेल्या मज्जारज्जूला सव्वा महिना नसतो. दाब किती आणि किती दिवस होता, यावर पायांची शक्ती परत येणे पुष्कळ अंशी अवलंबून असते. काही वेळा हा हिशेब तासांचा असतो. टेराटोमाच्या बाबतीतही तोच धडा मिळतो. आल्टमन व सहकाऱ्यांनी १९७४ साली अमेरिकेतील सुमारे चारशे बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलींत ७ टक्के व मुलांत १० टक्के गाठी कर्करोगाच्या होत्या. दोन महिन्यांनंतर निदान झालेल्यांत हेच प्रमाण अनुक्रमे ४८ व ६७ टक्के आढळले. बाहेर ठळक दिसणारी गाठ लवकर ध्यानात येते आणि आत दडलेली उशिरा, हाही त्या आकड्यांतला एक भाग आहे; तरी वाट पाहण्याची किंमत त्यांतून पुरेशी स्पष्ट होते.

वाट पाहण्याच्या काळात घरी जे उपाय चालतात त्यांविषयीही बोलले पाहिजे. गाठीवर तेल जिरविणे, ती चोळून ‘बसविणे’, विटेचा किंवा ओव्याच्या पुरचुंडीचा शेक, तापलेल्या सळईचा डाग, हे सारे कटाक्षाने टाळावे. गाठ चोळल्याने विरघळत नाही. उलट तिच्यात रक्तस्राव होऊन ती एकाएकी फुगू शकते आणि रज्जूवरील दाब वाढतो. नवजात त्वचा शेकाने भाजते, तेथे जखम होते आणि पुढील शस्त्रक्रिया लांबणीवर पडते. मालिश करावयाचीच तर हातापायांची करावी. गाठीला हात लावू नये.

रुग्णालयात गेल्यावर प्रश्न पडतो : ही गाठ कोणती ? साऱ्या उपचाराची किल्ली या एका प्रश्नात आहे. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या या गाठींचे स्वभाव अगदी भिन्न असतात. एक आपोआप विरून जाते, दुसरी औषधाने वितळते, तिसरी पूर्ण कापून काढावी लागते आणि चौथी सारे उपाय करूनही पुष्कळदा आवरत नाही.

मायोफायब्रोमॅटोसिसचे पहा. आर्थर पर्डी स्टाउट या विकृतिशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये या विकाराचे वर्णन केले; आजचे नाव चुंग आणि एन्झिंगर यांनी १९८१ मध्ये रूढ केले. त्वचेखाली, स्नायूंत, हाडांत आणि मणक्यांतही एक किंवा अनेक टणक गाठी येतात. क्ष-किरण चित्रात मणके पोखरलेले दिसतात आणि पाहणाऱ्याचे काळीज हलते. सर्वत्र पसरलेला कर्करोगच जणू. प्रत्यक्षात अंतर्गत इंद्रियांत गाठी नसतील तर त्या बहुतेक बालकांत वर्ष-दोन वर्षांत आपोआप आकसतात आणि पोखरलेले हाड पुन्हा भरून येते. अशा बाळावर घाईने तीव्र उपचार केले तर उपचारच जड होतील. फुप्फुसे, हृदय, आतडी यांत गाठी असतील तर मात्र तोच विकार प्राणघातक ठरू शकतो. तेव्हा सौम्य मात्रेतील केमोथेरपी दिली जाते. गाठ निरुपद्रवी जातीची असूनही रज्जूवर दाब आणत असेल तर थांबता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी गाठ शिशुवयातील फायब्रोसार्कोमा. हिची कथा थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. सार्कोमा हा शब्दच धडकी भरविणारा. ही गाठ जन्मतःच असते किंवा पहिल्या वर्षात दिसते, झपाट्याने वाढते, वरची त्वचा ताणून तुकतुकीत, लालनिळी होते. त्यामुळे तिला रक्तवाहिन्यांची साधी गाठ समजण्याची चूक होते आणि “मोठेपणी जाईल” असे सांगून घरी पाठविले जाते. रक्तवाहिन्यांची नेहमीची गाठ मात्र बहुधा जन्मानंतर काही दिवसांनी-आठवड्यांनी उमलते. जन्मतःच मोठी असलेली गाठ चित्रण केल्याशिवाय त्या खात्यात टाकू नये. फायब्रोसार्कोमा आजूबाजूच्या ऊतींत खोलवर घुसतो, परंतु दूरच्या इंद्रियांत क्वचित पसरतो. प्रौढांतील त्याच नावाच्या गाठीपेक्षा त्याचा स्वभाव सौम्य असून योग्य उपचारांनी दहापैकी सुमारे नऊ बालके वाचतात.

पूर्वी ही गाठ हातापायावर असेल तर अवयव कापून काढीत. पाठीच्या कण्यावर तो मार्गही बंद. रज्जू आणि मज्जातंतूंना वेढून बसलेली गाठ पूर्ण काढावयाची तर बाळ कायमचे पंगू व्हावयाचे. पुढे असे दिसून आले की व्हिन्क्रिस्टिन व अॅक्टिनोमायसिन या दोन औषधांनी ही गाठ पुष्कळदा लहान होते व मग शस्त्रक्रिया आवाक्यात येते. यांतील व्हिन्क्रिस्टिन मुळात सदाफुलीपासून मिळविलेले आहे. आपल्या अंगणात बारमाही फुलणारी ती हीच सदाफुली. (म्हणून कोणी पानांचा रस काढून बाळाला पाजू नये ! शुद्ध केलेले हे औषध शिरेवाटे, बाळाच्या वजनानुसार अत्यंत काटेकोर मात्रेत देतात. वनस्पतीत ते अत्यल्प आणि इतर विषारी द्रव्यांसह असते.)

१९९८ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथील संशोधकांनी या गाठीच्या पेशींत एक विलक्षण गोष्ट शोधली. बाराव्या गुणसूत्राचा एक तुकडा आणि पंधराव्या गुणसूत्राचा एक तुकडा यांची अदलाबदल होऊन ‘ई.टी.व्ही.६’ व ‘एन.टी.आर.के.३’ ही दोन जनुके एकमेकांस चिकटलेली होती. त्या जोडजनुकातून निर्माण होणारे प्रथिन पेशीला अखंड “वाढ, वाढ” असा हुकूम देत राहते. पुढे हा हुकूमच बंद करणारे लॅरोट्रेक्टिनिब हे औषध तयार झाले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४ महिन्यांच्या बाळापासून ७६ वर्षांच्या वृद्धापर्यंत ५५ रुग्ण होते. अवयव भिन्न, कर्करोगाची नावे भिन्न, पण जनुकातील बिघाड एका कुळातला. त्यांपैकी ७५ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यास मान्यता दिली. ते द्रवरूपातही असल्याने तान्ह्या बाळाला तोंडाने देता येते. औषध अतिशय महाग आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. तथापि बहुतेक बालकांसाठी आधीची दोन औषधे आजही उपयोगी आहेत आणि ती सरकारी रुग्णालयांतूनही दिली जातात.

तिसरी गाठ न्यूरोब्लास्टोमा. काटेकोर अर्थाने ही मृदू ऊतींची गाठ नव्हे. ती अनुकंपी चेतासंस्थेच्या अपक्व पेशींपासून होते. परंतु कण्याच्या दोन्ही बाजूंस हिचे माहेर असल्याने डमरूसारख्या गाठींत हिचा विचार आधी करावा लागतो. लघवीतील विशिष्ट रसायने मोजून हिचा संशय दृढ करता येतो. केमोथेरपीने ही गाठ त्वरेने आकसत असल्यामुळे रज्जूवर दाब असतानाही अनेकदा शस्त्रक्रियेऐवजी औषधच आधी देतात. मणक्यांच्या मागच्या कमानी काढून दाब मोकळा करण्याची शस्त्रक्रिया काही वेळा अटळ असते. पण वाढत्या वयात त्या बाळाचा कणा वाकण्याचा धोका तिच्यामुळे वाढतो. नवजात बालकांतील काही न्यूरोब्लास्टोमा यकृतात आणि त्वचेत पसरूनही आपोआप विरतात. १९७१ पासून ही अवस्था स्वतंत्र वर्ग म्हणून ओळखली जाते.

टेराटोमावर उपाय शस्त्रक्रियेचाच. बोस्टनचे बालशल्यविशारद रॉबर्ट ग्रॉस यांनी १९५१ मध्येच दाखवून दिले की गाठीबरोबर माकडहाड काढले नाही तर ती पुन्हा उद्भवण्याची भीती मोठी असते. ऱ्हॅब्डॉइड नावाची एक गाठ मात्र अत्यंत क्रूर आहे. नवजात वयात तिच्यापुढे वैद्यकशास्त्र आजही बहुतेक वेळा हरते, आणि अशा वेळी बाळाच्या वेदना कमी करणे हाच मोठा उपचार असतो. तो उपचारही चांगला करता येतो, हे आईवडिलांना कोणीतरी सांगावयास हवे.

हे नाव कळते बायोप्सीने. येथेच पुष्कळ कुटुंबे माघारी फिरतात. “सुई टोचली की गाठ पसरते, लोखंड लागले की चवताळते” ही समजूत सुशिक्षितांतही खोल रुजलेली आहे. बायोप्सीनंतर ज्याचा आजार वाढलेला दिसतो, त्याचा तो आधीपासूनच वाढत असतो. लोकांच्या स्मरणात मात्र सुईच राहते. अनुभवी शल्यविशारदाने, पुढील शस्त्रक्रियेचा छेद कोठे येणार हे ठरवून केलेल्या बायोप्सीने गाठ पसरण्याचा धोका अत्यंत अल्प असतो. बायोप्सी टाळण्याचा धोका मात्र फार मोठा : विरणाऱ्या गाठीला विष आणि वाढणाऱ्या गाठीला अंगारा, असा उलटा न्याय होतो. माकडहाडाच्या टेराटोमात बहुधा आधी सुई न लावता संपूर्ण गाठच काढून तपासतात, हा अपवाद; तोही तज्ज्ञांनीच ठरवावयाचा.

बायोप्सीपूर्वीच्या तपासण्यांचा धसका घेऊ नये. पहिल्या तीन-चार महिन्यांत मणक्यांच्या मागच्या कमानी पुरत्या हाडाच्या झालेल्या नसतात. त्यामुळे साध्या सोनोग्राफीनेही आतील रज्जू दिसतो; निसर्गाने ठेवलेली ही खिडकी पुढे बंद होते. त्यानंतर एम.आर.आय. करावा लागतो. त्यात क्ष-किरण नसतात, आणि लहान बाळाला पोटभर पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपविले तर अनेकदा भूल न देताही चित्रण होते.

बाळाच्या निदानाबरोबर घरात दुसरा एक खटला सुरू होतो, तो बाळाच्या आईवर. ग्रहणात विळी हाती घेतली होती काय, डोहाळ्यांत काय खाल्ले, कोणते औषध घेतले, अशी उलटतपासणी होते. गुणसूत्रांची ती अदलाबदल गर्भातील एखाद्या पेशीत अचानक घडते. तिचा आईच्या हातातील विळीशी काडीइतका संबंध नाही आणि ती आईवडिलांकडून वारशाने आलेली नसते. मायोफायब्रोमॅटोसिस व ऱ्हॅब्डॉइड यांची काही थोडी उदाहरणे मात्र घराण्यात आढळतात. त्यासाठी जनुकीय सल्ला घ्यावा. तो दोषारोपासाठी नसून पुढच्या अपत्याच्या काळजीसाठी असतो. सतत प्रश्न विचारून ज्या बाळंतिणीचे दूध आटविले जाते, तिच्या बाळाला केमोथेरपी सोसणे आणखी कठीण जाते. सासरच्या ज्येष्ठ मंडळींनी हे एवढे ऐकले तरी फार झाले.

अशा बाळाला बालशल्यविशारद, बालकर्करोगतज्ज्ञ, मज्जाशल्यविशारद आणि नवजात अतिदक्षता विभाग एकत्र असलेल्या ठिकाणीच न्यावे. मुंबईत १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय व १९२९ चे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय ही दोन्ही परळ भागात आहेत. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश असून संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे कागदपत्रांची चौकशी करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथूनच झाला. त्याअन्वये नवजात बाळाच्या तपासणीसाठी आशा सेविका घरी येते, तेव्हा बाळाचे अंगडे काढून पाठ तिला अवश्य दाखवावी.

औषधाइतकीच अडचण राहण्याची असते. केमोथेरपीची आवर्तने महिनोन्‌महिने चालतात. खेड्यातून आलेले जोडपे तेवढे दिवस कोठे राहणार? २००६ पासून सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था कर्करोगग्रस्त बालकांच्या कुटुंबांची निःशुल्क सोय करीत आहे. धर्मशाळा चालविणाऱ्या न्यासांनी यांतील एक बारकावा ध्यानात घ्यावा. अशा बाळाची रोगप्रतिकारशक्ती खालावलेली असते. त्याला गर्दीच्या मोठ्या दालनापेक्षा एक छोटी, स्वच्छ, स्वतंत्र खोली, उकळलेले पाणी आणि ताजे शिजविलेले अन्न हवे असते. भेटीस येणाऱ्यांनी सर्दी-खोकला असल्यास दारातूनच परतावे.

गाठ गेली की काम संपत नाही. बाळ बसू लागते, उभे राहते, तसतसा कणा वाकतो आहे काय हे वाढ पूर्ण होईपर्यंत दर वर्षी पाहावे लागते. मूत्राशयाचे मज्जातंतू दुखावले असतील तर ठराविक वेळाने स्वच्छ नळीने लघवी काढण्याची पद्धत आईला शिकवितात. ती नेमाने पाळली तर मूत्रपिंडे सुरक्षित राहतात आणि मूल इतरांसारखे शाळेत जाते. आणखी एक गोष्ट बहुतेक घरांतून राहून जाते. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या लहानशा ठोकळ्यात बसवून प्रयोगशाळेत ठेवलेला असतो. त्या ठोकळ्यावर अनेक वर्षांनंतरही जनुकीय चाचणी करता येते आणि गाठीचे जे नाव आज कळले नाही ते उद्या कळू शकते. म्हणून अहवालाच्या प्रतीबरोबर त्या ठोकळ्याचा क्रमांक लिहून घ्यावा, रुग्णालय बदलताना तो ठोकळा मागून न्यावा आणि बाळाच्या जन्मदाखल्याजवळच ती नोंद जपून ठेवावी.